पोलादी शंकूचा हिशेब

साखर कारखान्यातील व्हॅक्यूम पॅन, सिमेंटचा सायलो किंवा हवेतील धूळ वेगळी करणारा सायक्लोन यांच्या तळाशी निमुळता होत गेलेला पोलादी भाग दिसतो. आतील माल स्वतःच्या भाराने खाली यावा, कोपऱ्यात साचून राहू नये, हे त्याचे प्रयोजन. शाळेत आपण त्याला शंकू म्हणून ओळखतो. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये त्याला ‘कोन’ म्हणतात. कागदाचा शंकू भेळवालाही क्षणात वळतो. तोच १२ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून घडवायचा, तर आधी गणित आणि मग धीर, दोन्ही लागतात.

एक उदाहरण घेऊ. वरचे तोंड २००० मि.मी. व्यासाचे, खालचे १००० मि.मी. आणि तिरपी उंची १००० मि.मी. हा शंकू उलगडून सपाट केला, तर अर्धवर्तुळाकार पट्टा मिळतो. त्याच्या बाहेरील कमानीची त्रिज्या २००० आणि आतील कमानीची १००० मि.मी. या आकाराचे वजन सुमारे ४४४ किलो भरते. मात्र तो अखंड कापण्यासाठी ४ मीटर लांब व २ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ७५४ किलोची प्लेट लागते. उरलेले सुमारे ३१० किलो पोलाद वाया जाऊ नये म्हणून जाणता मिस्त्री शंकू दोन भागांत काढतो किंवा उरलेल्या तुकड्यांतून लहान भाग आखतो.

व्यास मोजताना एक चूक हमखास होते. प्लेट वाकते तेव्हा तिचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. जाडीच्या मध्याची लांबी मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून आखणीसाठी जाडीच्या मध्यावरचा व्यास धरावा लागतो. तेथे बाहेरचा व्यास धरला, तर तोंडाचा घेर सुमारे ३८ मि.मी.ने वाढतो आणि शंकू खालच्या-वरच्या नळकांड्यांशी जुळत नाही.

खरी कसोटी रोलिंग यंत्रावर लागते. नळकांडे वळवताना प्लेटचे दोन्ही काठ सारखेच अंतर चालतात. येथे मोठ्या काठाला ६२८३ मि.मी. आणि लहान काठाला ३१४२ मि.मी. जायचे असते, रोल मात्र दोन्हींना एकाच वेगाने ओढतात. म्हणून एक रोल किंचित कलता ठेवून लहान काठाकडे वाक अधिक देतात. त्याच बाजूला चौकटीवर कठीण पोलादाचा ठोकळा बसवतात. लहान काठ त्यावर घासत मागे राहतो आणि मोठा काठ पुढे सरकतो. अशी सोय नसेल, तर शंकूच्या टोकाच्या दिशेने जाणाऱ्या रेषा खडूने आखून, एकेक रेषा रोलाशी समांतर आणत, प्लेट थोडीथोडी सरकवून वळवतात.

दोन्ही टोके आधी वाकवून घ्यावी लागतात, अन्यथा जोडाजवळ सपाट पट्टी राहते. पोलाद दाब सुटताच थोडे उलट फिरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून पत्र्याचा साचा दर थोड्या वेळाने लावून पाहिला जातो. वाक कमी असेल तर पुन्हा दाब देता येतो; अधिक झालेला वाक सोडवणे फार कष्टाचे.

या कामात हाताचीही किंमत असते. फिरत्या रोलांजवळ सैल हातमोजा किंवा लोंबती बाही एका क्षणात आत ओढली जाते. म्हणूनच यंत्र थांबवण्याची कळ हाताशी असावी आणि प्लेट धरणाऱ्याने चालवणाऱ्याशी खुणेने बोलावे, ही शिस्त नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजे.

बिघडलेली प्लेट भंगाराच्या भावाने जाते. तिच्यावरची कापणी, वीज आणि मजुरी परत मिळत नाही. म्हणून अनुभवी मिस्त्री यंत्र सुरू करण्यापूर्वी आखणी दुसऱ्याकडून तपासून घेतो. जोडाच्या दोन कडा एकमेकींना भिडल्या, टॅकचे टाके पडले आणि शंकूचे तोंड नळकांड्यावर नेमके बसले, की मगच तो चहासाठी बाहेर पडतो.