टेलिफोनवरचें इंटरनेट : सोय आणि जाच

श्रोतेहो, 2025 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या 30 तारखेस अमेरिकेंतील 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीनें टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट पुरविण्याची आपली जुनी सेवा बंद केली. एके काळीं या कंपनीचे दोन कोटींहून अधिक वर्गणीदार होते. तरी तिच्या या सेवेचा अंत ऐकून डोळे पुसणारे फारसे कोणी निघाले नसतील. जें साधन प्रथम घरांत आलें तेव्हां लोकांस केवढें नवल वाटलें, त्याचाच पुढें इतका वीट कां आला, हें समजून घेण्यासारखें आहे. त्या विटाचा एक भाग यंत्राच्या मर्यादेमुळें होता व दुसरा भाग माणसांच्या करणीमुळें. पहिला भाग आतां इतिहासजमा झाला आहे. दुसरा झालेला नाहीं.

प्रथम यंत्राचा विचार करूं. टेलिफोनची तार घातली ती मनुष्याचा आवाज वाहून नेण्याकरितां. संगणकाची भाषा मात्र शून्य व एक या दोनच खुणांची. ती भाषा आवाजाच्या रूपांत तारेवर सोडावयाची, आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हां अंक करावयाचे, हें काम 'मोडेम' नांवाचें लहानसें यंत्र करी. नंबर लागला कीं प्रथम शीळ, मग किरकिर, मग खरखर असे चमत्कारिक आवाज ऐकूं येत. दोन्ही टोकांच्या मोडेमांनीं कोणत्या वेगानें बोलावयाचें याविषयीं चालविलेली ती वाटाघाट असे. 1998 सालीं जो सर्वांत वेगवान प्रकार प्रमाण ठरला, त्याची मर्यादा सेकंदास 56,000 खुणा एवढी होती, आणि प्रत्यक्षांत मिळे तें त्याहून कमीच. आपण सेकंदास 48,000 खुणा मिळाल्या असें धरूं. एका इंग्रजी अक्षरास 8 खुणा लागतात. म्हणजे सेकंदास 6,000 अक्षरें झालीं. साधें पत्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच येई. परंतु 40 लक्ष अक्षरांइतकी जागा व्यापणारें एखादें गाणें उतरवून घ्यावयास 11 मिनिटें लागत, आणि दहाव्या मिनिटास तार तुटली तर बहुधा पुन्हां श्रीगणेशा! तोंवर घरचा टेलिफोन अडकून पडे तो निराळाच. या त्रासाबद्दल कोणास दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. बैलगाडी आगगाडीप्रमाणें धांवत नाहीं म्हणून गाडीवानावर कोणी फिर्याद करीत नाहीं.

पण नंबर फिरवावा आणि तो सतत गुंतलेलाच मिळावा, हा त्रास मात्र यंत्राचा नव्हे, हिशेबाचा. एखाद्या वाचनालयाचे शंभर सभासद असतात आणि खुर्च्या दहाच असतात. तरी कोणाचें अडत नाहीं, कारण सगळे एकाच वेळीं येत नाहींत. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्याही वर्गणीदारांच्या मानानें थोड्याच तारा ठेवीत. अमेरिका ऑनलाइनचा पूर्वींचा दर महिन्यास 5 तासांना 9.95 डॉलर व पुढील प्रत्येक तासास 2.95 डॉलर असा होता. त्यामुळें काम झालें कीं मनुष्य मुकाट्यानें उठे. 1 डिसेंबर 1996 पासून कंपनीनें महिन्यास 19.95 डॉलर असा एकच दर ठेवला व वेळेचें बंधन काढून टाकलें. आतां खुर्चीवरून उठणार कोण? शिवाय एकदां उठलें कीं पुन्हां जागा मिळेल याची खात्री नाहीं, म्हणून लोक नुसतेच बसून राहूं लागले. दर बदलला तेव्हां माणसाचें वागणें बदललें. खुर्च्यांचा हिशेब मात्र जुनाच राहिला. पैसे भरलेल्या लोकांस दार बंद मिळूं लागलें. तेव्हां अनेक राज्यांच्या अधिकृत कायदेपंडितांनीं यांत लक्ष घातलें आणि 1997 च्या आरंभीं कंपनीस वर्गणीदारांचे पैसे परत करण्याचें मान्य करावें लागलें.

आपल्याकडील स्थिति थोडी निराळी होती. विदेश संचार निगमानें 15 ऑगस्ट 1995 रोजीं सर्वसाधारण लोकांकरितां इंटरनेट खुलें केलें. खासगी कंपन्यांस परवानगी मिळाली ती 1998 सालच्या अखेरीस. अमेरिकेंत गांवांतल्या गांवांत टेलिफोन करण्यास बहुधा वेगळा आकार पडत नसे. येथें मात्र दोन घड्याळें एकदम चालत : एक इंटरनेटच्या तासांचें व दुसरें टेलिफोनच्या बिलाचें. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर चित्रें दिसत नसत, केवळ अक्षरें दिसत. त्यामुळें पत्र आधीं लिहून ठेवावयाचें, तार जोडावयाची, पत्र धाडावयाचें व लगेच तार तोडावयाची, अशी काटकसर घरोघर चाले.

आतां दुसऱ्या भागाकडे, म्हणजे माणसांच्या करणीकडे वळूं. वास्तविक इंटरनेटला जोडून घेण्यास फार कांहीं लागत नाहीं. एक टेलिफोन नंबर, आपलें नांव व गुप्त शब्द एवढें पुरे. नंबर लावण्याची तजवीज पुढें संगणकांतच असे. परंतु अमेरिका ऑनलाइनची रीति अशी कीं, तिचें स्वतःचें सॉफ्टवेअर घातल्याखेरीज तिच्या तारेवर पाऊल ठेवतां येत नसे. हें सॉफ्टवेअर आधीं फ्लॉपीवर व मग सीडीवर ती घरोघर फुकट धाडी. टपालांतून, मासिकांच्या वेष्टनांतून, दुकानांच्या गल्ल्याजवळून त्या तबकड्यांचा अक्षरशः पाऊस पडला. फ्लॉपी निदान पुसून पुन्हां वापरतां येई. सीडी आली आणि तोही उपयोग संपला.

फुकट दिलेल्या या वस्तूचें मोल दुसरीकडे वसूल होई. नंबर लावणें, टपाल, गप्पागोष्टी, बातम्या, बाजारहाट, सर्व त्या एकाच खिडकींत कोंडलेलें असे. रस्त्याचा मालक तोच दुकानाचा मालक झाला, म्हणजे तो रस्ता आपल्या दुकानावरूनच नेणार! 1996 च्या मार्चमध्यें मायक्रोसॉफ्टशीं झालेला करार याच जातीचा. अमेरिका ऑनलाइननें मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर आपल्या सॉफ्टवेअरमध्यें बसवावयाचा आणि त्याच्या मोबदल्यांत विंडोजमध्यें तिला जागा मिळावयाची, असा तो सौदा होता. संगणक विकत घेणारा गृहस्थ या देवघेवींत कोठेंच नव्हता; जागा मात्र त्याच्या मेजावरची होती.

याचा कळस झाला तो 1999 च्या ऑक्टोबरांत निघालेल्या पांचव्या आवृत्तीच्या वेळीं. ती घालतांना एक प्रश्न विचारला जाई : इंटरनेटकरितां आमचेंच सॉफ्टवेअर नेहमींचें म्हणून ठेवूं काय? गृहस्थ सहज 'हो' म्हणे. त्यानंतर संगणकाच्या जोडणीची व्यवस्था अशी बदलली जाते कीं दुसऱ्या कंपनीच्या तारेवर जाणें कठीण होतें, अशी अनेकांनीं तक्रार केली, आणि 2000 सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें. आम्हीं विचारूनच केलें, असें कंपनीचें म्हणणें. पण 'हो' या एका अक्षराचा अर्थ किती दूर जातो, हें ज्यास सांगितलें नाहीं त्याचा होकार तो काय होकार? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं संगणक न पाहतांच केली.

आंत येणें असें सोपें. बाहेर पडणें मात्र तितकेंच अवघड. कंपनी बदलावी तर टपालाचा पत्ता बदले, आणि आप्तइष्टांस पुन्हां कळविणें आलें. खातें बंद करण्यास टेलिफोन केला तर पलीकडचा नोकर तें बंद होऊंच देईना, कारण ग्राहक राखून ठेवण्याबद्दल त्यास बक्षीस मिळे. न्यूयॉर्क राज्यानें याची चौकशी केली, आणि 2005 च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें 12.5 लक्ष डॉलर भरून ही पद्धति सुधारण्याचें कबूल केलें.

श्रोतेहो, मोडेमची शीळ आतां बंद झाली आणि तारेचा वेग त्या वेळच्या हजारों पट वाढला. परंतु फुकट मिळणारें साधन, न वाचतां दिलेला होकार आणि बाहेर पडण्याची अडचण हीं तिन्हीं आपल्या खिशांतल्या फोनमध्यें सुखानें नांदत आहेत. म्हणून घरांत नवी सेवा घेतांना गृहस्थानें व गृहिणीनें तीन प्रश्न विचारावे. मी 'हो' म्हटलें तर माझ्या यंत्रांत काय काय बदलेल? ही सेवा सोडली तर माझीं पत्रें, छायाचित्रें व माझा पत्ता माझेच राहतील काय? आणि सोडावयाची झाल्यास कोणास व कसें सांगावयाचें? पहिल्या दिवशीं या तिन्हींचीं सरळ उत्तरें मिळत नसतील, तर ती सेवा फुकट असली तरी महाग समजावी. वाट दाखविणाऱ्याचे उपकार मानावे. पण घराची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये.