स्टेरॉइड : गुणकारी, पण जपून वापरावयाचे औषध

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस एकाएकी गळू लागले. प्रारंभी बुरशीचा संशय व्यक्त झाला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या तपासणीत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले. लक्षण एक, पण कारणे अनेक, हा या घटनेचा धडा होय. चाई या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तेथे स्टेरॉइड उपयोगी पडते. बुरशीवर मात्र तेच मलम चोळल्यास खाज तात्पुरती शमते आणि गजकर्ण पसरत जाते. म्हणूनच या औषधाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. दाह आवरणे हे त्याचे एक कार्य. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीस याच कुळातील कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना मिळाले. पुढे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही अधिक प्रभावी कृत्रिम औषधे तयार झाली. दमा, आमवात, ल्युपस अशा विकारांत ती आजही मोलाची ठरतात. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत व्हेंटिलेटरवरील करोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले.

परंतु दाह शमविणारे हे औषध प्रतिकारशक्तीही मंदावते व रक्तातील साखर वाढविते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण घेतले. त्यामागे अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अतिरेक ही प्रमुख कारणे होती. दीर्घ सेवनाने चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू संभवतो.

सांधेदुखीवर तत्काळ आराम देणारी, नाव नसलेली पुडी घेऊ नये. तीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दुसऱ्याचे मलम आपल्या त्वचेस लावू नये. तसेच दीर्घकाळ चाललेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नयेत. बाहेरून औषध मिळत असताना शरीरातील ग्रंथी निद्रिस्त होतात; त्यांना जागे होण्यास अवधी लागतो आणि औषध अचानक तुटल्यास जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी. आधी निदान, मग औषध, हाच सुरक्षित मार्ग होय.