पश्मीला दुसरं घर मिळेपर्यंत

चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड, आणि कानांवर-शेपटीवर रेशमासारखे लोंबते केस. याच कुळातलं आखूड केसांचं कुत्रं म्हणजे कारवानी, आणि कर्नाटकात गेलं की मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचं नाव घेतलं आणि देशी जातींकडे शहरांचं लक्ष आणखी वळलं. पिल्लाला भाव आला की हौशी लोक वाढतात. त्यातल्या काहींची हौस वर्षभरात फिटते, आणि तोवर पिल्लाचं अडीच फुटी जनावर झालेलं असतं. मग ते गोठ्याच्या मागे साखळीला राहतं किंवा रस्त्यावर येतं.

अशा एका कुत्र्याला काही महिने घरी ठेवून, सावरून, नीट घरी द्यायचं कसं, त्याची ही पद्धत आहे. प्राण्यांचं काम करणारी मंडळी याला ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. दत्तक घेणारं घर कायमचं, फॉस्टरचं घर मधल्या काळापुरतं. या कामाला माया लागतेच, पण कशानंतर काय करायचं हा क्रम चुकला तर त्या मायेचाच कुत्र्याला त्रास होतो.

सुरुवात कागदापासून करा. कुत्रं कितीही हालात असलं तरी ते कुणाचं तरी असेल, तर रात्री साखळी सोडून आणू नका. उद्या पिल्लांची किंमत आठवून मालक दारात उभा राहिला, तर कुत्रं पुन्हा त्याच साखळीला जाईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, कुत्र्याला कायम बांधून ठेवणं, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं आणि वाऱ्यावर सोडणं हे गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाची भीती कुणाला वाटणार? म्हणून बोलण्याचा मार्गच जास्त कामी येतो. “काका, तुमचं कामाचं घर, तुम्हाला याच्याकडं बघायला होईना. आमच्याकडं द्या, आम्ही दवाखाना करतो,” असं सरळ म्हटलं की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. मालकाच्या पोटातही कुठेतरी अपराधाची टोचणी असते, तिच्यावर मीठ चोळू नये. साध्या कागदावर लिहून घ्या: कुत्र्याचं वर्णन, तारीख, ‘मी स्वखुशीने कायमचं देत आहे’, सही आणि दोन साक्षीदार. मालक हटूनच बसला आणि जनावर मरणाच्या दारात असलं, तर पोलीस ठाणं आणि पशुवैद्यकीय अधिकारी हा रस्ता उरतो.

आता कुत्रं खरंच उपाशी आहे का, हे ओळखायचं. पश्मी मुळातच सडपातळ. धडधाकट पश्मीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. मांड्या भरीव लागतात का? पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाची पट्टी आहे का? ती पट्टी जाऊन मणके बोटांना टोचत असतील, मांड्यांच्या आतली बाजू खोल गेली असेल, सगळ्या बरगड्या मोजता येत असतील, तर ती उपासमार आहे.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. उपाशी जीव दिसला की आपल्याकडे पहिला हात दूध-भाकरीच्या टोपल्याकडे जातो. अनेक दिवस खरोखर उपाशी राहिलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी पोटभर दूध-भाकरी घातली, तर ते दगावूही शकतं. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून जगत असतं. अचानक पिष्टमय अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींच्या आत ओढलं जातं. रक्तात ते कमी पडले की स्नायू लुळे पडतात, तांबड्या पेशी फुटतात, हृदयाची लय बिघडते. माणसांतही हेच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या कैद्यांपैकी अनेक जण अन्न मिळाल्यावर दगावले, ते याच प्रकाराने.

हिशेब असा धरतात. पंधरा किलोपर्यंत खंगलेल्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण ५३० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी याच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच द्यायचं, तेही चार वेळा विभागून. म्हणजे दिवसभरात दोन उकडलेली अंडी आणि वर थोडं बिनमसाल्याचं, शिजवलेलं, बिनहाडाचं चिकन. भाकरी नाही, गूळ नाही, दूध नाही. मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण आहारावर आणायचं, आणि ज्वारीची भाकरी या चढणीच्या वरच्या टप्प्यावर, मांस-अंड्यांबरोबर आणायची. पाणी मात्र सतत समोर हवं. कुत्रं उठूच शकत नसेल, उलट्या करत असेल, तर यातलं काहीही घरी करू नका. त्याला सलाइनची आणि रक्ततपासणीची गरज आहे. पुढेही कांदा-लसणाचा रस्सा कधीच नको. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या घरातलं उरलंसुरलं म्हणजे बहुधा कांद्याचाच रस्सा असतो.

दवाखाना पहिल्या चोवीस तासांतच. गावाजवळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. गुंतागुंत असेल तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे चाकूरचं भाग्यच. ताप (कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट), हिरड्यांचा रंग, मानेवरच्या जखमा, अळ्या, कातडी, आणि रक्ताची तपासणी. गोचिडांनी भरलेल्या कुत्र्यात गोचीडताप गृहीत धरूनच चालावं. हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, सतत मरगळ ही त्याची लक्षणं. त्यातल्या एर्लिकिया या प्रकाराला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं, बबेसिया या प्रकाराला वेगळं औषध लागतं, म्हणून रक्त पाहिल्याशिवाय गोळी सुरू करू नये. खरजेवर जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल लावायची पद्धत खेड्यांत अजून आहे. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. खरूज औषधाने हमखास बरी होते, धीर धरा.

रेबीजची लस डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. पार्व्हो-डिस्टेंपरची लस अंगात थोडी ताकद आल्यावर. निदान चौदा दिवस घरातल्या दुसऱ्या कुत्र्यांपासून हे वेगळं ठेवा, भांडीही वेगळी. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आणि सांभाळणाऱ्यांनी स्वतःची सोय आधी करावी. हे काम वारंवार करणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची.

औषधांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिले दोन आठवडे फार काही न करणं. गल्लीतली पोरं बघायला येतील, पाहुणे मोबाइल काढतील. सगळ्यांना बाहेरच थांबवा. एक शांत कोपरा, खाली जाड वाकळ (या कुत्र्यांच्या कोपरांवर मांस नसतं, फरशीवर झोपून घट्टे आणि जखमा होतात), ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी बाहेर. जवळ बसायचं ते पाठ किंवा कूस करून, डोळ्यांत न बघता. खाणं ठेवून निघून जायचं. आठवड्याभरात ते स्वतः नाक लावायला येतं. हात लावायचा तो त्यानंतर, डोक्यावर नाही तर छातीला. ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही भीतीची खूण आहे, तेव्हा मागे सरा. गुरगुरण्यावर कधीही मारू नये. गुरगुर ही सूचना असते. ती मार देऊन बंद केली तर पुढे कुत्रं सूचना न देता चावतं. झोपलेल्या पश्मीला हात लावून उठवू नका, हाक मारून उठवा. या जातीची काही कुत्री दचकून उठतात आणि त्या झटक्यात दात लागतो. जेवत असताना भांड्याला हात नको, विशेषतः लहान मुलांचा.

जागेवरच मुतलं तर रागावू नका. साखळीला वाढलेल्या कुत्र्याला दुसरी जागा कधी मिळालीच नव्हती. दर तीन तासांनी बाहेर नेलं आणि बाहेर केल्यावर लगेच खाऊ दिला, तर महिन्याभरात बहुतेक कुत्री शिकतात.

पश्मीच्या बाबतीत एक धोका खास आहे. तिचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा ती मागे सरकून सहज काढते, आणि एकदा सुटली की माणसाच्या धावण्याने हाती लागत नाही. म्हणून ताण आला की मर्यादेपुरता आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा आणि सोबत छातीचा हार्नेस, दोन्हींना वेगवेगळी दोरी. भिंत पाच-सहा फुटी नसेल तर अंगणातही मोकळं सोडू नये. पळत्या गोष्टीमागे जाणं तिच्या रक्तात आहे. कोंबडी, मांजर, करडू तिला सारखंच. हे वळण फार थोडं बदलतं. ते बदलल्याचा भास निर्माण करून कुत्रं कोंबड्यांच्या घरात देणं हा त्या घरावर आणि कुत्र्यावर दोघांवर अन्याय आहे. ससे, हरणं यांच्यावर कुत्री सोडणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच ठरते. उन्हाळ्यात फिरणं उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावर. अंगात चरबी नसल्याने मराठवाड्याच्या थंडीत रात्री अंगावर जाड कापडही लागतं.

वजन भरलं, रक्त सुधारलं की नसबंदी. ती करूनच कुत्रं पुढच्या घरी द्यायचं, हा माझा एकमेव हट्ट आहे, आणि पश्मीसाठी तो दुप्पट आहे. गावठी कुत्रं फुकट मागणारा सहसा पाळायलाच मागतो. पश्मी फुकट मागणाऱ्यांत पिल्लं विकणारे आणि शिकारीला नेणारेही असतात. नसबंदी झाली म्हटल्यावर त्यातले बरेच फोन आपोआप बंद होतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. या कुळातल्या कुत्र्यांत चरबी कमी असते आणि थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश निघतात. ती टाळून दुसरं औषध वापरता येतं.

घर शोधायला सुरुवात नसबंदीआधीच करावी, म्हणजे घाईत कुणालाही द्यायची वेळ येत नाही. फोटो आत्ताचे टाका आणि लिहिताना दोष आधी लिहा: मांजरांसोबत चालणार नाही, फटाक्यांना घाबरतं, परक्या पुरुषांना बुजतं. हे वाचूनही जो फोन करतो तो कामाचा माणूस. फोनवर समोरचा काय विचारतो ते ऐका. “खातं काय? रात्री झोपतं कुठं?” हे चांगले प्रश्न. “कागद आहेत का? जोडी लावता येईल का?” इथे नम्रपणे थांबावं. “शेतावर राखणीला पाहिजे” म्हणजे एकटं, बांधलेलं, दिवसातून एकदा भाकरी. आपण ज्यातून सोडवलं तेच पुन्हा. शेतकऱ्याचं घर नको असं मुळीच नाही. घरात माणसांसोबत राहणार असेल तर शेतावर पळायला मिळणारं घर सगळ्यात उत्तम. आणि शहरातल्या फ्लॅटला उगाच नाही म्हणू नका. दिवसातून दोनदा नीट फिरवलं की ही कुत्री उरलेला दिवस झोपून काढतात. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी स्वतः बोला. दिवाळीला सगळे गावी गेले तर कुत्र्याचं काय, हेही आधीच विचारा. शक्य तिथे घर प्रत्यक्ष पाहा, निदान व्हिडिओ कॉलवर भिंत, फाटक, गॅलरी बघा. घरातल्या प्रत्येक माणसाशी बोला. स्वयंपाकघर जिच्या हातात आहे तिला कुत्रं नको असेल तर ते टिकणार नाही.

न्यायचं कसं? लातूर रोड जंक्शन चाकूर तालुक्यातच आहे, पण रेल्वेत कुत्रं एकतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात जातं किंवा एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्यावा लागतो. भेदरलेल्या कुत्र्याला पिंजरा नको, उन्हाळ्यात तर नकोच. नव्या घराने गाडी घेऊन स्वतः यावं, एक-दोन तास आपल्याकडे बसावं, मग न्यावं. ज्याला येववत नाही त्याला पुढे दवाखान्यात जायलाही जमेल का, याचा विचार करा. प्रवासाआधी पोट हलकं ठेवा, वाटेत थांबताना दार उघडायच्या आधी दोऱ्या हातात.

सोबत द्यायचं ते असं: लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद, मालकाच्या पत्राची प्रत, आठवड्याचं ओळखीचं खाणं, आणि न धुतलेली तीच वाकळ. नव्या घराशी लेखी करारही करा, आणि त्यात तीन अटी ठळक असाव्यात. कुत्रं तिसऱ्याला द्यायचं नाही, कायम बांधायचं नाही, आणि नाही जमलं तर कधीही, कितीही वर्षांनी, आमच्याकडेच परत. पहिले पंधरा दिवस नव्या घरीही दोन दोऱ्या, कारण जागा बदलली की कुत्रं पळून जाण्याचा संभव तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने फोन करा, आणि वर्षाने रेबीजच्या लसीची आठवण द्या.

काही कुत्री परत येतात. नव्या घरात बाळ येतं, बदली होते, कुणाला दम्याचा त्रास निघतो. परत देणाऱ्यावर चिडलं की पुढच्या वेळी तो परत न देता रस्त्यावर सोडतो. त्याचे आभार मानून कुत्रं ठेवून घ्या, काय जमलं आणि काय नाही ते तपशीलवार विचारून वहीत लिहा, चौदा दिवस पुन्हा शांत ठेवा, आणि पुढच्या घराला ती वहीतली गोष्ट पहिल्याच फोनवर सांगा.