आधी ‘ठाऊक नाही’ म्हणायला शिका

रविवारी मंडळीत उभा राहून मोकळेपणाने साक्ष देणारा माणूस सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये गप्प होतो. सहकारी सहज विचारतो, ‘काल सकाळी फोन का नाही उचललास?’ आणि हा म्हणतो, ‘जरा बाहेर होतो.’ उपासनेला गेलो होतो, एवढेही तोंडातून निघत नाही. घरी आल्यावर मन खाते. पुढच्या वेळी बोलायचेच असे तो ठरवतो, पण पुढच्या वेळी काम आणखी अवघड झालेले असते, कारण आता नुसते बोलायचे नसते, मागची भरपाईही करायची असते. टाळले की तेवढ्यापुरते हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यावरच भीती पोसली जाते. श्रद्धा कमी पडली असे म्हणून पाळक अशा माणसाला प्रार्थना वाढवायला सांगतात. प्रार्थना करावीच, पण गाठ बहुधा दुसरीकडे असते. आपल्याला नेमके काय करायचे आहे याबद्दलच त्याचा गैरसमज असतो.

हा गैरसमज कसा सुटतो ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात टप्प्याटप्प्याने दिसते. जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी आहे. येशू चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुऊन यायला सांगतो. तो दिसू लागलेला परततो आणि चौकश्या सुरू होतात. शेजारी विचारतात, तुला बरे करणारा कुठे आहे? तो म्हणतो, ठाऊक नाही. मग परूशी आधी त्याची स्वतःची चौकशी करतात आणि नंतर त्याच्या आईबापांना बोलावतात. येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभेतून बहिष्कृत करायचे असे आधीच ठरलेले असते, म्हणून आईबाप अंग काढून घेतात. मुलगा आमचा आणि तो जन्मतः आंधळा होता एवढे ते मान्य करतात. बाकीचे त्यालाच विचारा, तो जाणता आहे, म्हणतात. आपल्याकडे गावाने वाळीत टाकणे काय असते हे ज्याला माहीत आहे, तो त्या आईबापांना हसणार नाही.

मुलाला दुसऱ्यांदा उभे करतात. येशू पापी आहे हे कबूल कर, असा दबाव येतो. त्याचे उत्तर थोडक्यात असे: तो पापी आहे की नाही, मला ठाऊक नाही; मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे ठाऊक आहे. धर्मशास्त्राचा वाद तो अंगावर घेत नाही. ज्याला नाकारता येणार नाही अशी आपली एकच गोष्ट तो धरून ठेवतो. भीती वाटणाऱ्याने नीट पाहावे असे आणखी एक इथे आहे. सुरुवातीला तो ‘येशू नावाचा मनुष्य’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’ म्हणतो आणि विश्वास ठेवून नमन करतो ते अगदी शेवटी. आधी सगळे समजेल, मग बोलेन, असे त्याचे झालेले नाही. बोलता बोलता त्याचे त्यालाच उमगत गेले. अर्थात त्याला बाहेर हाकलले जाते, हेही त्याच अध्यायात आहे.

म्हणून तयारी करायची ती दुसऱ्याला निरुत्तर करण्याची नव्हे. आपल्या बाबतीत काय घडले, ते दोन-तीन मिनिटांत सांगता येते का, हे पाहायचे. आधी वहीत लिहून काढावे, मग घरच्या कोणापुढे मोठ्याने बोलून पाहावे. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘रक्ताने धुतलो’ हे मंडळीतले शब्द आले की थांबावे आणि तीच गोष्ट बाजारात बोलतो त्या भाषेत सांगावी. दारू सुटली असेल तर दारू सुटली म्हणावे. काहीच नाट्यमय घडले नसेल, आजीपासून घरात प्रार्थना चालत आली असेल, तर तसेच सांगावे. उसना चमत्कार ऐकणाऱ्याला लगेच कळतो. त्यानंतर लहान पायऱ्या. सुरुवात ‘उपासनेला गेलो होतो’ या साध्या वाक्यापासून करावी. नाताळात करंज्या-चकल्यांचे ताट शेजारी नेले आणि कोणी विचारले की तुम्ही या दिवशी नेमके काय करता, तर तिथे आणखी चार वाक्ये सहज बोलता येतात. ‘मिशनकडून तुम्हाला काय मिळते?’ हा टोमणाही कधीतरी येईल. चिडू नये, मिळत नसेल तर नाही म्हणावे. अवघड प्रश्न आला तर ‘ठाऊक नाही’ म्हणता येते, याचा धीर फार मोठा असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट इथे उपयोगी आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने आधी समोरच्याच्या आवडीचे ऐकले आणि पुस्तक देऊन तो बाजूला झाला, हे घेण्यासारखे. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला होता म्हणतात. हे भविष्य सांगणे मात्र त्याचे त्यालाच शोभले, आपण त्या वाटेला जाऊ नये.

सगळीच भीती घालवायची नसते. महाराष्ट्रातली अनेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वीच्या महार-मांग समाजातली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आलेल्या नियमानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. ज्या घरातल्या मुलाची फी आणि नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून आहे, त्या घराने कुठे किती बोलायचे हे त्या घरानेच ठरवावे. व्यासपीठावरून त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे आणि मला ते अन्यायाचे वाटते.

दुसरी राखावी अशी भीती म्हणजे समोरच्यावर जबरदस्ती होईल का, ही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. काही राज्यांत याविषयी वेगळे कायदेही आहेत, ते आधी समजून घ्यावेत. पण कायद्याच्याही अलीकडची एक रेषा आहे. रुग्णाशी डॉक्टरने, विद्यार्थ्याशी शिक्षकाने, हाताखालच्या माणसाशी साहेबाने हा विषय आपणहून काढू नये. नाही म्हणणे ज्याला परवडत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? पेत्राच्या पहिल्या पत्रातही आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असेच आहे. विचारणारा तिथे गृहीत धरला आहे.

दुसऱ्याची घाई करून चालत नाही, हे टिळकांच्या घरातच पाहा. पतीच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंच्या संसारावर आभाळ कोसळले आणि काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळे-ओवळे पाळत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो साधारण पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाशी झगडून, आणि तो झगडा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःच लिहून ठेवला आहे. तेव्हा कँटीनमधल्या सहकाऱ्याने ‘बरं’ म्हणून विषय बदलला, तर आपणही बदलावा आणि त्याच्या मुलीची दहावी कशी चालली आहे ते विचारावे.