झाडावरची पेटी

अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार करता येते. पूर्वी शिकारी पाऊलखुणा नि लेंड्या पाहून माग काढी. आता तो झाडाला एक लहान पेटी बांधतो आणि घरी जातो. पेटीत कॅमेरा असतो. अंगात ऊब असलेलं जनावर समोरून गेलं, की पेटीला ती ऊब कळते आणि फोटो निघतो. अगदी रात्रीसुद्धा! फोटोवर वेळ उमटते. काही पेट्या तर फोटो थेट मोबाइलवर धाडतात. मग काय, हरीण किती वाजता येतं हे घरबसल्या कळतं.

अॅरिझोना हा तिथला कोरडा मुलूख. पाणवठे थोडे. तहानलेलं जनावर जाणार कुठे? पाणवठ्यांवर पेट्याच पेट्या झाल्या. माणसांची ये-जा वाढली. शेवटी १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असा कॅमेरा वापरण्यास तिथे बंदी झाली. आम्हांला विचाराल तर हे रास्तच झालं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने रानातल्या जनावरांच्या शिकारीला बंदी आहे. तरी ताडोबा, मेळघाटात अशा पेट्या दिसतील. त्या वाघ मोजण्यासाठी. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. फोटोतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. गुरांमागे जाताना पेटी दिसली, तर तिला हात लावू नका. तीत आपलाही फोटो निघतो, बरं का!