नाव भीमाचे, बाजार दोघांचा

३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये पंतप्रधानांनी 'भीम' अ‍ॅप सुरू केले आणि ते बाबासाहेबांच्या नावाचे असल्याचे सांगितले. नोटाबंदीने होरपळलेल्या जनतेपुढे हे नाव ठेवले गेले. आज आपल्या वस्तीतल्या भाजीवाल्या ताईंच्या हातगाडीवर कोणाचा स्कॅनर लटकतो, ते बघा. भीम क्वचितच दिसेल. २०२४ साली यूपीआयचे ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपवरून झाले. पहिल्याची बहुतांश मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे, दुसरे तर सरळ अमेरिकन कंपनीचेच!

या कंपन्या बँका नव्हेत. पैसा एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. अ‍ॅप मधला तिऱ्हाईत. एखाद्या बँकेचा हात धरल्याशिवाय त्याला यूपीआयमध्ये शिरता येत नाही. त्याने कसे वागावे, हे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ठरवते. या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम केला की, कोणत्याही एका अ‍ॅपकडे एकूण व्यवहारांच्या ३० टक्क्यांहून जास्त वाटा नसावा. जुन्या अ‍ॅपना दोन वर्षांची सवलत मिळाली. २०२२ मध्ये मुदत वाढली. २०२४ च्या शेवटच्या दिवशी पुन्हा वाढली, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. राखीव जागांच्या अनुशेषाच्या तारखा ऐकत ज्या समाजाच्या पिढ्या गेल्या, त्याला ही भाषा नवी आहे काय?

ग्राहकाला बळेच दुसऱ्या अ‍ॅपवर कसे ढकलणार, असे म्हणतात. अडचण खरी आहे. पण मग नियम कशाला केला?

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांचा आग्रह होता की, चलन ते चालवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा हवी. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही ते हेच बोलले. त्यांचे नाव अ‍ॅपला देणाऱ्यांनी तो ग्रंथ उघडून पाहिला असता, तर मुदतवाढीवर मुदतवाढ देताना हात थोडा अडखळला असता.

पैसे अडकले की अ‍ॅपवाले बँकेकडे बोट दाखवतात, बँक अ‍ॅपकडे. तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवावी, नंतर बँकेत लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. एवढे तरी विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.