काडतुसाची दारू
काडतुसाची दारू : रायफलीच्या काडतुसात गोळीच्या मागे भरलेले ज्वलनशील द्रव्य. टोपीवर आघात होताच हे द्रव्य पेटते, त्याचे तप्त वायूंत रूपांतर होते व त्यांच्या दाबाने गोळी नळीबाहेर फेकली जाते. दारूची निवड करताना तिच्या ज्वलनाचा वेग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ज्वलन फार जलद झाल्यास गोळी पुढे सरकण्यापूर्वीच दाब वाढून नळी फुटण्याचा धोका असतो. फार मंद झाल्यास काही दारू न जळताच बाहेर पडते.

बीड जिल्ह्यात धारूरचा किल्ला बांधला गेला (१५६७) वा राक्षसभुवनची लढाई झाली (१७६३), त्या काळी शोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारूच सर्वत्र वापरात होती. तीत शोऱ्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असते. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक असल्याने ते लवकर जळतात; म्हणून तोफेसाठी जाड, बंदुकीसाठी त्याहून लहान व रंजकासाठी अगदी बारीक दारू घेत. ती दमट हवेत निकामी होते, दाट धूर करते व नळीत काजळी साठविते.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्ह्येय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू तयार केली. आधुनिक निर्धूर दारू एकघटकी (नायट्रोसेल्युलोज) किंवा द्विघटकी (त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलेली) असते. दाण्यांचा आकार, त्यांतील छिद्रे व त्यांवरील मंदक लेप यांनी तिचा ज्वलनवेग नियंत्रित करतात. सामान्यतः जड गोळी व मोठी पुंगळी यांसाठी मंद, तर पिस्तुलाच्या लहान काडतुसासाठी जलद दारू योग्य ठरते. निर्धूर दारूत समान वजनाच्या काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा असते. त्यामुळे केवळ काळ्या दारूसाठी बनविलेल्या जुन्या बंदुकीत ती भरणे घातक होय. निरनिराळ्या दारूंचे दाणे दिसण्यात सारखे असू शकतात. म्हणून रंगरूपावरून अंदाज करणे, दोन प्रकार मिसळणे किंवा उत्पादकाच्या तक्त्यात दिलेले प्रमाण ओलांडणे धोक्याचे असते.

बीडसारख्या अवर्षणप्रवण, बेसाल्टी खडकाच्या जिल्ह्यात विहीर खोदताना सुरुंग लावावे लागतात. बोलीभाषेत सुरुंगाच्या द्रव्यालाही ‘दारू’च म्हणतात, परंतु नामसाम्यामुळे दोन्ही एक समजणे प्राणघातक आहे. जिलेटिनसारखी स्फोटके जळत जात नाहीत, त्यांचा क्षणार्धात स्फोट होतो. बंदुकीत ती नळीच्या चिंधड्या उडवितात. सुरुंगाच्या काही काळ्या दारूंत पोटॅशियमऐवजी सोडियम नायट्रेट असते. ते हवेतील ओलावा अधिक शोषते.

उष्णतेने नायट्रोसेल्युलोजचे हळूहळू विघटन होते. म्हणून दारूत डायफिनिलअमाइनसारखा स्थिरक घालतात व ती मूळ वेष्टनातच थंड, कोरड्या जागी ठेवतात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही दक्षता विशेष आवश्यक असते. काडतुसे बनविण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. स्फोटकांच्या नियमनाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. महाराष्ट्रात खडकी व वरणगाव येथे दारूगोळ्याचे, तर भंडारा येथे अशा दारूचे शासकीय कारखाने आहेत.